मिस्त्रींची लाकडी विमानं

मिस्त्रींचा रागाचा दिवस ठरलेला होता. एरवी ते रागवायचे नाहीत असं मुळीच नाही. फुगलेलं दार परत आणून 'तुमचंच लाकूड ओलं होतं' म्हणणारं गिऱ्हाईक असो, नाहीतर पटाशीला धार न लावता तशीच टाकून जाणारा स्वतःचा मुलगा, मिस्त्री कोणाचीही बिनपाण्यानं करायचे. पण तो राग चहा येईपर्यंतचा. वर्षातून एकदा यायचा तो निराळा. त्या दिवशी दुपारी ते कारखान्याची मागची खिडकी घट्ट लावून घ्यायचे, मोठी करवत चालू करायचे आणि चिरायला काही नसलं तरी जळाऊ तुकडे चिरत बसायचे. सूनबाई चहा घेऊन यायची आणि कप ठेवून मुकाट्यानं निघून जायची.

मागच्या खिडकीपलीकडे उंच भिंत होती आणि भिंतीपलीकडे विमानतळ. तिथे हवाई दलाचं एक जुनं, नावाजलेलं स्क्वाड्रन होतं. युद्धात त्यानं शत्रूची विमानं पाडली होती, पूल उडवले होते, पदकं मिळवली होती. यातल्या कशाबद्दलही मिस्त्रींची तक्रार नव्हती. ती पोरं खरोखर शूर होती, मिस्त्रींनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तक्रार होती ती एका दिवसाबद्दल. युद्धाच्या ऐन भरात एका दुपारी शत्रूची बाँबफेकी विमानं या तळावर चालून आली होती आणि तळावर साधा ओरखडाही न उमटता परत गेली होती. तो दिवस स्क्वाड्रनचा मानाचा दिवस झाला. दर वर्षी त्याच तारखेला, हल्ल्याच्याच वेळेला, सगळे जवान रांगेत उभे राहायचे. प्रमुख साहेब लाउडस्पीकरवरून विचारायचे, "त्या दिवशी विमानं किती गेली?" सगळे एका आवाजात ओरडायचे, "एकही नाही!" मग साहेब विचारायचे, "माणसं किती गेली?" आणि भिंतीवरून, बंद खिडकीतून, करवतीच्या खरखरीतूनसुद्धा ते मिस्त्रींच्या कानात शिरायचं. "एकही नाही!"

"खोटारडे," मिस्त्री करवतीला सांगायचे.

एक गेला होता. मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

युद्ध पेटलं तेव्हा मिस्त्रींना कोणी मिस्त्री म्हणत नव्हतं. मिसरूड जेमतेम दाट झालेलं, आणि ते शाळांसाठी बाकं बनवत होते. एक दिवस तळावरचा दुरुस्ती विभागाचा अधिकारी गाडीतून उतरला, बाकं न्याहाळली, एका बाकावर चढून चांगल्या उड्या मारून पाहिल्या आणि विचारलं, विमान बनवशील का. पोराला वाटलं, साहेबाला ऊन लागलंय. पण साहेब शुद्धीवर होता. शत्रूची विमानं आज ना उद्या तळ शोधत येणार होती. त्यांना दाखवायला दुसराच एक तळ उभा करायचा होता, नदीपलीकडच्या ओसाड मैदानावर. खोटी धावपट्टी, खोट्या बराकी आणि लाकडी पट्ट्या, प्लायवूड आणि गोणपाट यांची खोटी विमानं. शत्रूनं बाँब टाकायचे ते तिथे टाकावेत. काम गुप्त, बोलायचं कोणाशी नाही, आणि रंगकामाला एखादा भरवशाचा माणूस असेल तर सांग.

भरवशाचा माणूस घरातच होता. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बोटं कायम रंगलेली, ओठांवर शीळ, जेवायला कायम उशीर. एकदा एका बेकरीवाल्यानं 'नुसती अक्षरं काढ, सावलीचे चोचले नकोत' असं म्हटलं म्हणून अर्धी पाटी रंगवून तो उठून आला होता. अक्षराला सावली दिली की ते पाटीवरून उठून उभं राहतं, नाहीतर मेल्यासारखं पडून राहतं, असं त्याचं म्हणणं. ताई त्याच्यावर चिडायची आणि मग त्याच्या हातची पाटी बघायला मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायची.

खोट्या मैदानावर चार सुतार, दोन मजूर आणि हा एक रंगारी असा कारभार सुरू झाला. विमानं झटपट उभी राहिली. पोट जमिनीला टेकलेलं, चाकं म्हणजे रंगवलेली पत्र्याची झाकणं. जवळून पाहिलं तर हसू यावं अशी, पण रंग असा चोख की दोन शेतांवरून बघणारा सहज फसावा. मग स्क्वाड्रनचा एक वैमानिक वरून पाहणी करून आला आणि त्यानं निकाल दिला. जमिनीवर कापून चिकटवलेल्या कागदासारखी दिसतात म्हणाला, आंधळासुद्धा फसणार नाही. सुतारांची तोंडं उतरली. मेहुणा मात्र खूश झाला. कागदासारखी दिसणारच, तो म्हणाला, पोट टेकलेल्या विमानाला सावली कुठून पडणार? वरून येणारा माणूस विमान बघत नाही, सावली बघतो.

म्हणून त्यानं सावल्या केल्या. गोणपाटाच्या मोठमोठ्या पट्ट्या शिवून, पंख-शेपटीच्या आकारात कापून, रंगवून प्रत्येक विमानाला एक. सावली काळी असते असं मानणाऱ्यांची तो कीव करायचा. त्याचा रंग ताईच्या स्वयंपाकघरात शिजायचा: दिव्याची काजळी, इंजिनाचं जळकं तेल आणि वर चिमूटभर नीळ. तिचं सगळ्यात मोठं पातेलं त्यात कायमचं कामातून गेलं आणि घराला महिनोन्महिने गॅरेजचा वास येत राहिला. ती तोंडानं शिव्या घालायची आणि हातानं ढवळायची. नीळ किती घालायची हे शेवटी शेवटी तिलाच जास्त कळायला लागलं होतं.

पण खरी मेख पुढे होती. सूर्य काही एका जागी थांबत नाही. सकाळी सावली विमानाच्या एका बाजूला हवी, दुपार कलली की दुसऱ्या. म्हणून मेहुणा रोज त्या जड, तेलकट सावल्या ओढत या बाजूकडून त्या बाजूला न्यायचा. मजुरांना हे पटेना. ते त्याला 'सावल्या' म्हणायला लागले, 'ए सावल्या, ढग आले, आता सगळ्या घडी करून ठेव' अशी चेष्टा करायचे. त्यावर तो गंभीरपणे आभाळाकडे बघायचा आणि खरोखरच सगळ्या सावल्या गुंडाळून ठेवायचा. कारण ढगात सावली दिसली तरी चोरी पकडली जाणार.

त्याची मेहनत फुकट गेली नाही हे फार लवकर कळलं, आणि तेही भलत्याच माणसाकडून. स्क्वाड्रनचा एक कोवळा वैमानिक लढून परत येत होता. इंधन संपत आलेलं, आभाळात धूर. खाली विमानांची रांग दिसली आणि गडी चाकं सोडून सरळ खोट्या मैदानावर उतरायला लागला. तिथे धावपट्टी म्हणजे चुन्याच्या दोन रेघा आणि मधे खड्डे. सगळे जण हातात मिळेल ते फडकं फिरवत, ओरडत त्याच्यासमोर धावले. मिस्त्रींनी अंगातला सदरा काढून फिरवला. अगदी शेवटच्या घटकेला त्याच्या ध्यानात आलं आणि विमान त्यांच्या डोक्यावरून वर गेलं. दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून मैदानावर आला. लाजला होता. एका सावलीवर उभा राहून त्यानं ती बुटानं चाचपून पाहिली आणि मेहुण्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "तुझ्या या गोणपाटानं माझा जीव घेतला असता, गड्या. आता त्यांचा घेऊ दे."

मेहुणा त्या रात्री घरी हवेतच होता. ताईला त्यानं तो प्रसंग इतक्या वेळा ऐकवला की तिनं शेवटी ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि आधी जेव म्हणाली.

मग ती दुपार आली. आकाश निरभ्र होतं. टेहळणीच्या चौकीवरून घंटा वाजली, सगळे खंदकाकडे पळाले. मिस्त्री खंदकात उतरले आणि मागे वळून बघतात तर मेहुणा उलटाच चाललेला. सावल्या दुपारच्या बाजूला ओढून झाल्या होत्या, रांगेतल्या शेवटच्या विमानाची तेवढी बाकी होती. ती अजून सकाळच्या बाजूला पडलेली. मिस्त्रींनी घसा फोडून हाक मारली, मरू दे ती, म्हणाले. मेहुण्यानं पळता पळता वळून हात वर केला.

"एक राहिली रे," तो म्हणाला. "एकीनं सगळं उघडं पडेल."

ती त्यानं ओढून नेली. नीट पसरली, कोपरा दुमडला होता तो पायानं सरळ केला. मग विमानं आली आणि आणलेला सगळा दारूगोळा त्यांनी खोट्या मैदानावर रिकामा केला. नदीच्या अलीकडे, खऱ्या तळावर, एक काचसुद्धा फुटली नाही. संध्याकाळी तिथे लोक एकमेकांना खांद्यावर घेऊन नाचत होते. आणि नदीच्या पलीकडून चार सुतार मेहुण्याला घेऊन येत होते. गुंडाळायला दुसरं काही नव्हतं. त्याच सावलीत गुंडाळून आणला.

दुरुस्तीचा अधिकारी घरी आला. चांगला माणूस होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्यानं हात जोडून एक मागणं मागितलं. युद्ध संपेपर्यंत कोणाला काही सांगू नका, शत्रूला परत फसवायचंय, बातमी फुटली तर खरा तळ जाईल. ताईनं मान डोलावली. आणि पुढे युद्ध संपेपर्यंत ती बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत राहिली की नवरा शिडीवरून पडून मेला. एवढा जुना रंगारी आणि शिडीवरून पडला, बहुतेक प्यायला असेल, असं लोक बोलले. तिनं तेही ऐकून घेतलं. ज्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही त्याच्याबद्दल.

युद्ध संपलं. तो अधिकारी बदलून लांब गेला आणि तिकडेच वारला. खोटं मैदान नांगरलं गेलं. तळावर स्क्वाड्रनच्या शहिदांची नावं कोरलेला दगड उभा राहिला, आणि त्या दुपारची एक नवीच गोष्ट तयार झाली: शत्रू घाबरून वाट चुकला आणि बाँब ओसाड मैदानावर टाकून पळाला. ओसाड. ताई तळावर जायची, दर नव्या साहेबाला सगळं पहिल्यापासून सांगायची. एकानं ऐकून घेतलं, एकानं घड्याळ बघितलं, एकानं सांगितलं की बाई, तो सैनिक नव्हता, आणि तसं मैदान कधी होतं हेच आमच्या इतिहासात नाही. हळूहळू तिनं जाणं सोडलं. मिस्त्रींनी खिडकी लावायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

मिस्त्रींचा सगळ्यात जास्त राग मात्र साहेबांवर नव्हता. साहेब बदलत होते, त्यांना काय ठाऊक? राग होता तो त्या कोवळ्या वैमानिकावर. तो पुढे मोठा हुद्देदार झाला, निवृत्त झाला, दर वर्षी पाहुणा म्हणून मंचावर बसायला यायचा. त्यानं ती सावली बुटानं चाचपली होती. त्याला सगळं ठाऊक होतं. आणि तो मूग गिळून बसायचा. टाळ्या वाजवायचा. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती या आठवणीनं.

अशी चाळीसेक वर्षं गेली आणि एक दिवस कारखान्याच्या दारात तळाची गाडी उभी राहिली. नवे प्रमुख साहेब स्वतः उतरले. तरुण, हसतमुख, मिस्त्रींना काका म्हणणारे. तळाच्या फाटकाशी त्यांना युद्धातलं विमान उभं करायचं होतं, शेजारी शहिदांच्या नावांचा नवा दगड. पंचाईत अशी की त्या जातीचं एकही विमान आता शिल्लक नव्हतं, सगळी केव्हाच भंगारात गेली. तेव्हा लाकडाचं, अगदी खऱ्या मापाचं, बघणारा फसेल असं एक विमान काका बनवतील का?

मिस्त्री हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, मुलगा पाणी घेऊन धावत आला. साहेबही भलेपणानं हसायला लागले, त्यांना वाटलं काकांना आनंद झालाय.

मग मिस्त्रींनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही, हे कबूल करायला हवं. मिस्त्री म्हणाले, विमान मी बनवतो, असं बनवतो की वैमानिकसुद्धा आत चढायला जाईल. अट एकच. फाटकाशी नवा दगड बसवताय त्यावर माझ्या मेहुण्याचं नाव आलं पाहिजे. साहेब म्हणाले, वर विचारतो. चांगल्या मनानं म्हणाले. मिस्त्री त्याच दिवशी लाकूड निवडायला गेले आणि घरी येऊन ताईला सांगितलं. त्या दिवसापासून ताई रोज दुपारी कारखान्यात येऊन विमानाशेजारी बसायला लागली.

पंख जोडून झाले तेव्हा साहेब परत आले. चेहऱ्यावरूनच कळलं. नाव घालता येणार नव्हतं. कारण कोणी विश्वास ठेवला नाही असं नव्हे, आणि नेमकं हेच मिस्त्रींना शेवटपर्यंत गिळता आलं नाही. विश्वास ठेवला होता. अडचण दुसरीच होती.

"काका, नाव कोरलं तर आमची मुलं दर वर्षी 'एकही नाही' कसं म्हणणार?" साहेब अवघडून म्हणाले. "त्यावर सगळं स्क्वाड्रन उभं आहे. परंपरा आहे ती."

"माझ्या ताईचं वैधव्य तुमच्या परंपरेपेक्षा जुनं आहे, साहेब," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या आरोळीला ठिगळ लागेल म्हणून माणूस मेलाच नाही म्हणायचं?"

साहेबांनी मान खाली घातली. माफी मागितली. अशा माणसावर धड ओरडताही येत नाही, आणि ओरडता आलं नाही की राग आत जाऊन बसतो. साहेब गेल्यावर मिस्त्रींनी लाकूड तासायचा वासला उचलला आणि सरळ विमानाकडे निघाले. पंखाचे तुकडे करून जळणात घालणार होते. मुलगा आडवा येईना, त्याची छाती नव्हती. ताई जागची हललीसुद्धा नाही.

"पंख डावीकडे वाकलाय बघ," ती म्हणाली. "आधी तो सरळ कर."

मिस्त्री थबकले. खाली वाकून पंखाच्या रेषेत बघितलं. खरंच बारीकसा वाकला होता.

"विमानानं काय वाईट केलंय?" ताई म्हणाली. "पुरं कर ते. चांगलं कर. सावली मी काढते."

विमान पुरं झालं, आणि झालं ते असं की रंग वाळायच्या आत तळावरचे मेकॅनिक त्याच्या भोवती फेऱ्या मारायला लागले. फाटकाशी सिमेंटचा बुटका चौथरा होता, त्यावर ते उभं केलं. नाक कोणत्या दिशेला ठेवायचं यावर मिस्त्रींनी असा हट्ट धरला की साहेबांनी हात टेकले. रांगेतल्या त्या शेवटच्या विमानाचं नाक होतं त्याच दिशेला ते वळवलं गेलं. मानाच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, हल्ल्याच्याच वेळेला, मिस्त्रींनी खडू घेऊन चौथऱ्यावर पडलेल्या सावलीची कड आखून घेतली. पहारेकऱ्याला वाटलं, पॉलिशच्या कामाची खूण असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रंगाचा डबा घेऊन आली. ताईनं घरी काजळी कालवली होती, गॅरेजमधून जळकं तेल आणवलं होतं, नीळ आपल्या अंदाजानं घातली होती. बाह्या सरसावून, जुन्या उशीवर गुडघे टेकून ती रंगवायला बसली. मिस्त्री खडूच्या कडा रंगवत होते, ती मधलं भरत होती. पहारेकऱ्यानं येऊन विचारलं, आजी, हे काय चाललंय. रंगाचं काम, ताई म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

सकाळच्या उन्हात खरी सावली पलीकडच्या बाजूला होती आणि ही रंगवलेली अलीकडे. बघणाऱ्याला सिमेंटवर कोणी तेल सांडलंय असं वाटावं. साहेब पाहणीला आले आणि त्यांना घामच फुटला. हे काय, काका? पाहुणे यायला निघालेत, हा डाग कसा काढायचा आता? दोन जवानांनी घासून पाहिलं, जळकं तेल कसलं निघतंय. मग कुंड्या आणून ठेवायचं ठरलं. कुंड्या शेपटीपर्यंत पुरल्या, पंख तसेच उघडे राहिले, आणि त्या अर्धवट कुंड्यांनी ध्यान आणखीच विचित्र दिसायला लागलं, तेव्हा त्या परत नेल्या. मिस्त्री बाजूला उभं राहून सगळं बघत होते. एरवी लगेच चढणारा त्यांचा आवाज त्या दिवशी चढला नव्हता.

"दुपारी कळेल," एवढंच म्हणाले.

विमान बनवणारे म्हणून मिस्त्रींना आणि ताईला पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या. मंचावर साहेब, आणखी दोन मोठे हुद्देदार आणि काठी टेकत आलेला तो म्हातारा वैमानिक. त्याला बघताच मिस्त्रींनी दात ओठ खाल्ले. भाषणं सुरू झाली. शत्रू घाबरला, वाट चुकला, ओसाड मैदान, सगळं नेहमीचं. रांगेतली पोरं ताठ उभी. पण त्यांच्या नजरा मधूनमधून चौथऱ्याकडे वळायला लागल्या होत्या. ऊन कलत होतं, विमानाची खरी सावली हळूहळू अलीकडे येऊन त्या तेलकट डागावर चढत होती. पंख पंखावर आला. मग शेपूट शेपटीवर. साहेबांचं भाषण संपेपर्यंत डाग कुठेच उरला नव्हता. होती ती फक्त सावली, गर्द, किंचित निळसर, नको इतकी खरी.

म्हातारा वैमानिक खुर्चीत पुढे वाकला. त्यानं चौथऱ्याकडे बघितलं, मग पुढच्या रांगेकडे, आणि मिस्त्रींना त्यानं ओळखलं. मिस्त्रींनी नजर हलवली नाही. बघ म्हणावं, चांगला बघ.

वेळ झाली. साहेब माइकपाशी आले.

"त्या दिवशी विमानं किती गेली?"

"एकही नाही!"

"माणसं किती गेली?"

मिस्त्रींनी छाती भरून श्वास घेतला होता. चाळीस वर्षं करवतीला सांगितलेलं सगळं ते आता या सगळ्यांना सांगणार होते. पण त्यांच्या आधी शेजारची खुर्ची सरकली आणि ताई उभी राहिली.

"एक," ती म्हणाली. "शिडीवरून नाही पडला."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण त्या क्षणी सगळे श्वास घेऊन ओरडण्याच्या बेतात होते, त्या शांततेत तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आरोळी आलीच नाही. पोरं तोंडं उघडी ठेवून एकमेकांकडे बघत राहिली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं असावं, परत विचारलं की सगळं सुरळीत होईल. त्यांनी परत विचारलं.

"माणसं किती गेली?"

काहींनी 'एकही नाही' म्हटलं, अर्धवट, कुठून तरी मागून. आणि मंचावरून, माइकशिवाय, म्हाताऱ्याचा चिरका आवाज आला.

"एक."

काठीचा आधार घेऊन तो उभा राहिला होता. मग मेकॅनिकांच्या रांगेतून कोणीतरी तेच म्हटलं, आणि आणखी कोणीतरी. साहेब माइकपाशी उभेच राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

समारंभ कसाबसा उरकला. दगडावर नाव कोरणार का, हे कोणी सांगितलं नाही आणि मिस्त्रींनी विचारलं नाही. म्हातारा वैमानिक मंच उतरून त्यांच्याकडे यायला लागला तेव्हा त्यांनी ताईचा हात धरला आणि तिला फाटकाबाहेर काढलं. त्याला इतक्या सहजासहजी मोकळं करायचं नव्हतं. ते ताईला आवडलं नाही. रस्त्याला लागल्यावर तिनं मागे वळून बघितलं. खरी सावली एव्हाना पुढे सरकली होती आणि रंगवलेली एकटी मागे राहिली होती.

"घासून काढतील का रे?" तिनं विचारलं.

"काढू देत. पुढच्या वर्षी परत काढू."

रिकामा डबा ताईनं या हातातून त्या हातात घेतला.

"पुढच्या वर्षी नीळ कमी घालायला हवी," ती म्हणाली. "ह्यांनी आज बघितली असती तर नावं ठेवली असती."